गच्चीवरचं वाळवण आणि सहा पॅनल

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात सोलरवरून भांडण झालं, पण त्यात पैशाचा शब्दही निघाला नाही. भांडण झालं ते कुरडयांवरून.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. रो हाऊस आहे. वर साडेपाचशे चौरस फुटांची गच्ची, तिच्यात जिन्याची खोली आणि पाण्याच्या दोन टाक्या. उरलेली सगळी जागा सासूबाईंची. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून इथेही आत्याच लिहिते. होळी झाली की आत्या गच्ची ताब्यात घेतात. आधी वर्षाची ज्वारी ऊन खाते, मग मिरच्या, मग सांडगे, उडदाचे पापड आणि एप्रिलच्या मधोमध गव्हाच्या चिकाच्या कुरडया. जुन्या नऊवारी साड्या अंथरलेल्या, कडेला विटा ठेवलेल्या, आणि कावळ्यांना बुजवायला एक काळी छत्री उघडून ठेवलेली. संध्याकाळी सगळं गोळा झालं की त्याच फरशीवर दोन बादल्या पाणी मारायचं आणि रात्री त्याच जागी गाद्या पडायच्या. मे महिन्यात सोलापुरात स्लॅबखाली कोण झोपतंय? दिवसभर तापलेला स्लॅब पहाटे तीनपर्यंत वरून भाकरी भाजल्यासारखा भाजत असतो.

आणि मी म्हणत होते, या गच्चीवर सहा पॅनल बसवू.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते, बावीस वर्षं झाली. आकडा दिसला की मला राहवत नाही. त्या आधीच्या मे महिन्यात आमचा वापर ४१० युनिट झाला होता आणि बिल साडेपाच हजारांच्या वर गेलं होतं. थंडीत तेच घर १८० युनिटमध्ये भागवतं. म्हणजे अडीचपट सुद्धा नाही वापर, पण बिल जवळजवळ तिप्पट. कारण शंभरच्या पुढे दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी वाढतो. वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग. सोलर पहिल्यांदा कापतं ते हेच महागडं युनिट, हे माझ्या डोक्यात बसलं तेव्हा मी रात्री अकरा वाजता उठून वहीत आकडेमोड केली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असलं तरी ७८ हजार अनुदान. आपण आधी सगळे पैसे भरायचे, मीटर बसून तपासणी झाली की अनुदान बँकेत जमा. आम्हाला तीन किलोवॉटचा अंदाज मिळाला एक लाख नव्वद हजारांचा. जमत होतं.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्या काचा मांडल्यावर मी कुरडया काय तुझ्या कॉम्प्युटरवर वाळत घालू?"

नवऱ्याला हसू आलं, मला राग आला. दोन दिवस मी आत्यांशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाचा डबा उघडताना मला माझ्या आईचा सोलर कुकर आठवला आणि राग उतरला.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. मी शाळेत असताना वडिलांनी तालुक्याहून सोलर कुकर आणला होता, सरकारी सवलतीत. मोठी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आणि आत काळे रंगवलेले चार डबे. सकाळी नऊला वरण-भात लावून पेटी अंगणात ठेवायची आणि मधूनमधून उन्हाकडे वळवायची. बारापर्यंत सगळं शिजलेलं. डाळ तर इतकी सुरेख शिजायची की तशी चुलीवर कधी शिजली नाही. गावातल्या बायका बघायला यायच्या. त्यातल्या एका म्हातारीने एकच प्रश्न विचारला, "भाकरी होती का हिच्यात?"

नाही होत. भाकरीला तवा लागतो, तव्याला जाळ लागतो. ज्वारीच्या मुलखात, जिथं सकाळी सातला शेतात डबा पोचवायचा असतो, तिथं नऊला ऊन चढल्यावर भात शिजवणारी पेटी आली होती. चूल पेटवावीच लागायची. मग चुलीवरच डाळ का नको? दोन वर्षांनी त्या पेटीत आई शिवणाचे तुकडे ठेवायला लागली. आरसा मात्र काढून भिंतीला लावला. त्यात बघून मी दहावीपर्यंत वेण्या घातल्या.

गोबरगॅसचं जरा वेगळं. तो आमच्याकडे खरंच चालला, चांगला चौदा-पंधरा वर्षं. विटांची गोल विहीर, तिच्यावर तरंगणारं लोखंडी झाकण. गॅस भरला की झाकण वर यायचं, वापरला की खाली बसायचं. आई झाकणाच्या उंचीवरून सांगायची, आज चहा दोनदा होईल की तीनदा. थंडीत गॅस कमी यायचा. दिवसाला चार-पाच जनावरांचं शेण लागायचं आणि ते होतं. मग २००३ चा दुष्काळ आला, जनावरं छावणीत गेली, त्यातली दोन परत आली. शेण नाही तर गॅस नाही. झाकण खाली बसलं ते बसलंच. यंत्रात काही बिघाड नव्हता. नंतर वडिलांनी त्या खड्ड्यावर फळ्या टाकून कोंबड्यांचं खुराडं केलं.

म्हणून आत्यांचा प्रश्न मला त्या म्हातारीच्या प्रश्नासारखा ऐकू आला. यात भाकरी होते का?

सोलर बसवणारा पोरगा आयटीआय झालेला वायरमन, सव्वीस-सत्तावीसचा. त्याला मी घरी बोलावलं आणि आत्यांच्या समोर बसवलं. तो म्हणाला, "आजी, वर उचलून टाकू की. आठ फुटावर. खालून तुम्ही फिरा, झोपा, पापड घाला." आत्यांनी त्याला गच्चीवर नेलं आणि पूर्वेकडचा कोपरा दाखवून विचारलं की दुपारी बारा ते तीन इथं सावली पडणार का. पोराने मोबाईलवर काहीतरी बघितलं. पॅनल दक्षिणेला तोंड करून, पंधरा-सोळा अंशात तिरके बसतात. एप्रिलमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली बरीचशी पॅनलच्या खालीच राहते. पूर्वेची पट्टी मोकळी. आत्यांनी पावलं टाकून ती मोजली. सोळा पावलं. "भागतंय," म्हणाल्या.

उंच सांगाड्याचे वीस हजार वाढले. माझ्या हिशेबाच्या वहीत हा खर्च मी 'कुरडया' या नावानेच लिहिला आहे. अनुदान वजा जाता आमच्या खिशातून एक लाख बत्तीस हजार गेले, त्यातले वीस हजार कुरडयांचे. पण ते दिले नसते तर सोलर बसलंच नसतं, म्हणजे त्या वीस हजारांनीच बाकीचे एक लाख बारा हजार कामाला लावले.

उंच सांगाड्याचा एक धोका आहे तो सांगून ठेवते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाचं वादळ येतं तेव्हा सहा पॅनल म्हणजे शिडाची होडी. खांब नुसते स्लॅबला बोल्ट मारून उभे करायचं ठरत होतं. नवऱ्याने अडवलं आणि खांबांखाली सिमेंट-काँक्रिटचे ठोकळे करून घेतले. तरी एका बोल्टचं भोक कोब्यातून आरपार गेलंच आणि जुलैमध्ये मुलीच्या खोलीत ओलीचा नकाशा उमटला. बसवणाऱ्यांनी येऊन भरून दिलं, चार फोन केल्यावर.

खरी कसरत पुढे होती, कागदांची. आमच्या लाईटबिलावर अजून मामांचं नाव होतं. मामा, म्हणजे सासरे, जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं त्यांच्या नावाने बिल येत होतं, आम्ही भरत होतो, कुणाला काही अडलं नव्हतं. आता अर्ज त्यांच्या नावाने करायचा तर आधार कुणाचं, बँकेचं खातं कुणाचं? आधी मीटर नावावर करा. त्यासाठी मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, नणंदेची ना-हरकत. नणंद लातूरला. तिने सही केली, पण सहीला येताना एक दिवस राहिली आणि गच्चीवर उभं राहून म्हणाली, "बाबांनी ही फरशी किती हौसेनं घातलेली." आत्या रडल्या. सूर्यघरच्या अर्जात या सगळ्याला एक ओळ आहे, 'ग्राहकाचे नाव'.

मग नेट मीटर, म्हणजे आलेली आणि गेलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर. पॅनल बसून तयार, ऊन फुकट चाललंय, आणि मीटर येईना. तोपर्यंत सिस्टीम चालू करायची नाही. पाच आठवडे, ऐन उन्हाळ्यातले. मी दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत महावितरणच्या कचेरीत जायचे. तिथल्या पंख्याखाली एक साहेब बसायचे, सभ्य माणूस, दर वेळी म्हणायचे, "या आठवड्यात." तो आठवडा पाचव्यांदा खरा ठरला.

चालू झाल्यावर चौथ्याच दिवशी लाईट गेली. संध्याकाळ नव्हे, भर दुपार, ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि आमचा पंखा बंद. शेजारच्या काकू दारात. "अगं, तुझं सोलर आहे ना? मग?" मागोमाग समोरचे काका. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लपत नव्हता. मी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ते बंदच पडायला पाहिजे. खांबावर कोण काम करत असलं आणि तुमची वीज मागून तारेत गेली तर?" लाईन मेलेली असताना घरातली वीज तारेत जाऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या कामाची करणारा डबा, स्वतःला तोडून घेतो. बॅटरी असलेली सिस्टीम वेगळी, ती महाग. आमची नुसती लाईनला जोडलेली. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतून येते, मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरंच. मी दारात उभी राहून काकूंना वायरमनचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काकूंचा मोठा दीर वायरमन होता, खांबावरून पडून गेलेला. त्या काही बोलल्या नाहीत. समोरच्या काकांना मात्र अजून पटलेलं नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सोलरच्या जाहिरातीत निळ्या काचा चकचकत असतात आणि त्या कुणी पुसल्या हे दाखवत नाहीत. सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. पाण्याच्या पाळीच्या दिवशी घरातली सगळी भांडी, पिंप, बादल्या भरून घ्यायच्या हा आमचा नेम. आणि इथली धूळ! मार्चनंतर दहा दिवस पॅनल पुसले नाहीत तर बोटाने नाव लिहावं. मी हुशारीने पहिल्यांदा बोअरच्या पाण्याने धुतले. बोअरचं पाणी आमच्याकडे इतकं क्षाराचं की गीझरची कॉइल वर्षात चुन्याने भरते. पॅनल वाळले आणि सहाही काचांवर पांढरे थेंब उमटले, कुणीतरी पिठाचा हात मारल्यासारखे. ते काढायला व्हिनेगरचं पाणी, मऊ कापड आणि एक अख्खा रविवार गेला. वर चढून पुसताना नवरा म्हणाला, यापेक्षा बिल भरलेलं परवडलं.

आता नियम ठरलाय. पाळीच्या दिवशी नळाचं दोन बादल्या पाणी पॅनलचं. पहाटे पुसायचे, काच थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, तडकू शकते. खाली पडणारं पाणी आत्यांच्या तुळशीला आणि गवती चहाला जातं. आत्यांनीच तशी पन्हळ लावून घेतली, पत्र्याच्या डब्याचा तळ कापून. दक्षिणेला फताटेवाडीला १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, त्यालाही पाणी लागतं आणि ते उजनी धरणातून येतं. आमच्या दोन बादल्यांचा मला उगाच अभिमान वाटतो तो तिकडची चिमणी दिसली की.

वहीतले आकडे. सहा पॅनल, प्रत्येकी ५४० वॉट, म्हणजे सव्वातीन किलोवॉटच्या आत-बाहेर. मला वाटलं होतं सगळ्यात जास्त वीज मेमध्ये होणार. नाही. फेब्रुवारी-मार्चला दिवसाला पंधरा युनिट होतात आणि मेमध्ये तेरा-चौदा. ऊन पॅनलला हवं असतं, उष्णता नको असते. काच तापत गेली की दर अंशाला थोडी थोडी वीज घटते. बाहेर त्रेचाळीस असताना पॅनल साठ-पासष्टला पोचलेले असतात. सोलापूरकराला हे समजायला वेळ लागत नाही. मेमध्ये आपणही तेवढंच काम करतो. पावसाळ्यात दिवसाला दहा युनिट, ढग दाटले की सहा. वर्षाचा हिशेब मार्चअखेर लागतो, हे मला फार आवडलं. बिल शून्य कधीच येत नाही, स्थिर आकार असतोच. दीडशेच्या आसपास येतं. आत्या ते बिल देवापाशी ठेवतात.

माझ्या भावाने गावी सौर पंप बसवला, पाच एचपीचा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून, त्याला दहा टक्केच भरावे लागले. त्याच्या पंपाबद्दल तो स्वतः फार बोलत नाही. वहिनी बोलते. पूर्वी आठवड्यातले काही दिवस पंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्रीच असायची. बारा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन तो कांद्याला पाणी द्यायला जायचा आणि वहिनी जागी राहायची. चिखलात साप असतो, पंपाच्या पेटीत करंट असतो. "आता रात्री फोन वाजला तरी छातीत धस्स होत नाही," एवढंच तिने मला सांगितलं. युनिट, रुपये, काही नाही.

कारखान्यातली गोष्ट मात्र अडलेलीच आहे. मालकांनी मला हिशेब करायला लावला, मी केला, आणि तो जमतही होता, कारण माग दिवसाच्या पाळीत जोरात चालतात आणि ऊनही तेव्हाच. पण शेडवर सिमेंटचे पत्रे, तीस वर्षं जुने. पाय ठेवला तर माणूस खाली मागावर. पत्रे बदलायचे तर त्याचाच खर्च सोलरएवढा. शिवाय टॉवेलचा तंतू. शेजारच्या कारखान्याने पॅनल बसवलेत, ते मी शिडीवरून पाहिलेत. एक्झॉस्टमधून उडालेला कापूस रात्रीच्या दवात काचेवर बसतो आणि सकाळी त्याचं नमद्यासारखं पांघरूण झालेलं असतं. त्यांनी फक्त त्याच्यासाठी एक माणूस ठेवलाय. आणि आमचा मोठा खर्च विजेचा नाहीच, सूत रंगवायला लागणाऱ्या गरम पाण्याचा आहे. बॉयलरला लाकूड-कोळसा जातो. उन्हावर पाणी साठ अंशांपर्यंत सहज तापतं. तेवढं तापवून बॉयलरला दिलं तर जळण किती वाचेल, हे मी मालकांना दोनदा मांडून दाखवलं. ते म्हणतात, बघू. मी कागद फायलीत लावून ठेवलाय.

आमच्याकडे घडी घालायला एक अक्का आहेत, निलमनगरला राहतात. भाड्याची खोली, वर पत्रा. त्यांनी मला विचारलं, "आम्हाला बसतंय का?" घर आपलं नाही, पत्रा पॅनल पेलणार नाही, बिल सहाशेचं. मी गप्प बसले. ज्याचं घर सगळ्यात जास्त तापतं त्याच्यासाठी या योजनेत जागा नाही. शेवटी मी त्यांना पत्र्याला पांढरा चुना मारायला सांगितलं. चुन्यात थोडा फेविकॉल घालून, दोन हात. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, दुपारी पोरं आता आत बसतात. दोनशे रुपयांत झालं. कुठल्या पोर्टलवर याला अनुदान नाही आणि नावाची भानगडही नाही.

यंदाच्या कुरडया गेल्या आठवड्यात झाल्या. पूर्वेच्या पट्टीवर आठ साड्या. पॅनलच्या सावलीत आत्या खुर्ची टाकून बसल्या होत्या, हातात काठी. पूर्वी त्या राखण जिन्याच्या दारातून करायच्या, ऊन सोसेना म्हणून. आता त्यांचं म्हणणं आहे की सोलर त्यांच्यासाठीच मांडवासारखं घातलंय. एका खांबाला त्यांनी दोरीही बांधली होती ओले पदर वाळवायला, ती मी सोडली. अर्थिंगची पट्टी आहे तिथं.

शेजारच्या काकू वर आल्या. त्यांनी कुरडई उचलून मोडून बघितली, तोंडात टाकली, सावलीच्या कडेची वेगळी आणि उन्हातली वेगळी. दोन्ही कुरकुरल्या. काही न बोलता खाली गेल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा लाईटबिल घेऊन आला. आईने ताईंना दाखवायला सांगितलंय म्हणाला. मी युनिट बघायच्या आधी वरचं नाव वाचलं. त्याच्या आजोबांचं होतं.